जुन्या जाळीला नवी जाळी जोडताना : कोल्हापूरजवळच्या एका उपकेंद्राच्या अर्थिंगचे प्रकरण

कंत्राटदाराकडून आलेल्या नकाशावर नव्या यार्डची (उघड्यावरील विद्युत उपकरणांच्या आवाराची) अर्थिंगची जाळी, म्हणजे बिघाडाचा प्रवाह जमिनीत उतरवण्यासाठी मातीखाली पुरलेल्या पट्ट्यांची जाळी, लाल रेघांनी नीटस काढलेली होती आणि तिच्या पूर्वेला, जिथे जुने यार्ड आहे तिथे, एक कोरा चौकोन होता. त्या चौकोनात चारच शब्द होते : ‘जुनी अर्थिंग आहे तशी’. नवी जाळी पाच मीटरच्या चौकटींची, ७५ × १० मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीची आणि जुन्या जाळीला दोन ठिकाणी जोडलेली होती. नव्या यार्डपुरते पाहिले तर त्या नकाशात बोट ठेवायला जागा नव्हती. पुढे आमचे जे काम चालले, ते जवळजवळ सगळे त्या कोऱ्या चौकोनाचे होते.

उपकेंद्र ११०/३३ केव्हीचे असून कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, एकीकडे ऊस आणि दुसरीकडे फाउंड्र्या अशा पट्ट्यात आहे. मालकाचे आणि गावाचे नाव येथे देत नाही, आणि वाचायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत; त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र तेच ठेवले आहे. जुने यार्ड ८० × ६० मीटरचे, १९८०च्या दशकातले. विस्तारात पश्चिमेला ४० × ६० मीटरची जागा घेऊन तिथे ५० एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन लाइन-बे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या लाइनच्या जोडणीचे कप्पे, उभे राहायचे होते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींमुळे या भागातील विजेची मागणी चढतीच राहिली आहे, आणि इंडक्शन भट्ट्यांना वीज कमी पडून चालत नाही, त्यामुळे विस्ताराच्या गरजेबद्दल कोणाचे दुमत नव्हते. दक्षिणेला कुंपणाला लागूनच उसाचे शेत, पूर्वेला कर्मचाऱ्यांच्या निवासाच्या तीन खोल्या आणि पश्चिमेची नवी जागा सखल. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेला आलेल्या पुराचा अनुभव ताजा असल्यामुळे ती जागा मुरमाने एक मीटर उचलून घेण्याचे ठरलेले होते. या भरावाचा अर्थिंगशी काय संबंध, असे बैठकीत एकाने विचारले होते. त्याचे उत्तर पुढे येईल.

क्षेत्र दीडपट, धोकाही दीडपट

जुन्या आराखड्यात ११० केव्ही बाजूला एका फेजचा जमिनीशी होणारा फॉल्ट, म्हणजे बिघाडाने एक तार जमिनीशी जोडली गेल्यास वाहणारा प्रवाह, ८ किलोअँपिअर धरलेला होता. मधल्या काळात आसपासची २२० केव्हीची यंत्रणा बळकट झाली, साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प जोडले गेले, आणि आजचा आकडा ११ किलोअँपिअरवर आला. पुढची वाढ धरून आम्ही १४ घेतला. यात एक स्थानिक खुबी अशी की, हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो : गळीत हंगामात कारखान्यांची जनित्रे चालू असतात तेव्हा तो वर जातो आणि हंगाम संपला की उतरतो. याउलट, जमीन सर्वांत कोरडी असते ती मे महिन्यात. दोन्ही वाईट गोष्टी एकाच महिन्यात येत नाहीत, असा हिशेब मांडून सूट मिळवण्याचा मोह होतो. पण हंगाम लांबतो, पाऊस लांबतो, आणि अशा सुटीवर माणसाचा जीव टांगणे योग्य नाही, म्हणून दोन्ही वाईट बाजू एकत्रच धरल्या.

फॉल्टचा सगळा प्रवाह मातीत जात नाही. बराचसा भाग लाइनच्या डोक्यावरून जाणाऱ्या अर्थवायरमधून आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून (त्याच्या जमिनीशी जोडलेल्या मधल्या टोकातून) धातूच्याच वाटेने परत जातो. या ठिकाणी मातीत शिरणारा वाटा सुमारे ४० टक्के निघाला, म्हणजे जुन्या आकड्याने ३.२ आणि नव्या आकड्याने ५.६ किलोअँपिअर. हा प्रवाह जाळीतून मातीत उतरतो तेव्हा जाळी आणि तिला जोडलेले प्रत्येक लोखंड, म्हणजे गँट्री (तारा टांगण्याची लोखंडी कमान), ट्रान्सफॉर्मरची टाकी, कुंपण, कंट्रोल रूममधील पॅनेलचे दार, दूरच्या जमिनीच्या तुलनेत काही किलोव्होल्टने वर उचलले जाते. किती उचलले जाईल, ते प्रवाह गुणिले जाळीचा रोध (मातीत उतरताना प्रवाहाला होणारा अडथळा) इतके सरळ आहे.

या सरळ गुणाकारातच विस्ताराचा सापळा दडलेला आहे. मोठ्या जाळीचा रोध मुख्यतः तिच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आत पट्ट्या कितीही दाट टाकल्या तरी त्यात फारसा फरक पडत नाही. येथे क्षेत्र ४८०० चौरस मीटरवरून ७२०० वर गेले, म्हणजे दीडपट झाले, पण रोध १.४ ओहमवरून १.१५ वर, म्हणजे जेमतेम १८ टक्क्यांनी उतरला. प्रवाह मात्र पाऊणपटीने वाढला. परिणामी, जाळीचा चढलेला दाब (व्होल्टेज) साडेचार किलोव्होल्टवरून ६.४ किलोव्होल्टवर गेला. हा वाढीव दाब फक्त नव्या यार्डात राहत नाही. जोडपट्टीतून तो जुन्या यार्डातही तितकाच चढतो. नवे यार्ड त्यासाठी आखलेले असते, जुने नसते. ज्या भागात कंत्राटदार कुदळसुद्धा लावणार नव्हता, त्याच भागातील माणसाचा धोका विस्तारामुळे दीडपटीच्या जवळ पोचत होता, आणि ‘आहे तशी’ या शब्दांचा खरा अर्थ हा होता.

काळी माती, खाली कातळ

जमिनीची रोधकता, म्हणजे माती प्रवाहाला किती अडवते ते, आम्ही मे महिन्यात, चार खुंट्यांच्या वेनर पद्धतीने मोजली. खुंट्यांमधील अंतर १ मीटर असताना ४३ ओहम-मीटर, २ मीटरला ५४, ४ मीटरला ८४, ८ मीटरला १३२, १६ मीटरला १८८ आणि ३२ मीटरला २३५ असे आकडे आले. अंतर वाढेल तसे मोजमाप खोलवर पाहू लागते, म्हणून ही चढती रांग स्पष्ट सांगते की वर सुमारे दोन मीटर काळी माती आहे, ४० ओहम-मीटरच्या आसपासची, आणि खाली ओला-सुका मुरूम व बेसॉल्टचा कातळ, २८० च्या घरातला. पहिल्या प्रस्तावात माती एकसारखी समजून फक्त १ ते ४ मीटरच्या वाचनांची सरासरी घेतली होती. ती ६० ओहम-मीटर निघते, आणि तिच्यावरून जाळीचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी येतो. १२० मीटर लांबीच्या जाळीचा प्रवाह मात्र चार मीटरवर थांबत नाही; तो कातळातच उतरतो, त्यामुळे रोध कातळ ठरवतो आणि माणसाच्या पायाखालचा दाब बराचसा काळी माती ठरवते.

याच कारणाने खोल बोअर मारून त्यात इलेक्ट्रोड सोडण्याचा प्रस्ताव आम्ही नाकारला. वर कातळ आणि खाली पाणथळ थर असता तर तो उपयोगी पडला असता. इथे उलटे आहे : चांगली माती वरच्या दोन मीटरांत संपते, आणि पुढे जेवढे खोल जाल तेवढे पैसे कातळात जातात. तीन मीटरचे ४० मिलिमीटरचे लोखंडी रॉड कडेकडेने पुरेसे होते.

भरावाचा प्रश्न येथे येतो. नव्या यार्डात अंतिम पातळीखाली ०.६ मीटरवर पट्टी टाकायची म्हटली तर ती मूळ काळ्या मातीत नव्हे, आणलेल्या मुरमात पडते, आणि कोरडा मुरूम मातीइतका साथ देत नाही. पट्टी आधीच मूळ जमिनीत टाकून वर भराव घालावा, तर ती दीड मीटरपेक्षा खोल जाते आणि पृष्ठभागावर दाब सारखा ठेवण्याचे तिचे काम बिघडते. शेवटी पट्टी ०.६ मीटरवरच ठेवली, पण चर खोदताना मुरूम बाजूला टाकून चरात पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती भरली, आणि रॉड भराव पार करून मूळ मातीत जातील असे ठोकले.

रजिस्टरमधील ०.४

जुन्या जाळीचा रोध उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये दरवर्षी नोंदवलेला होता आणि तो दरवर्षी ०.४ ओहम होता. ऑपरेटर प्रामाणिक होते, अर्थ टेस्टर चांगला होता, आणि तरीही तो आकडा निरुपयोगी होता. टेस्टरची प्रवाहाची तार ४० मीटरची होती. ज्या जाळीचा कर्ण १०० मीटरचा आहे, तिच्या कुंपणापासून ४० मीटरवर खुंटी रोवली तर ती जाळीच्या प्रभावक्षेत्राच्या आतच राहते, आणि आकडा खोटा कमी येतो. शिवाय लाइनच्या अर्थवायर जोडलेल्या असताना टेस्टर एकट्या जाळीचा रोध मोजत नाही, मैलोन्‌मैल पसरलेल्या टॉवरच्या पायांसह सगळ्या जाळ्याचा मोजतो. चालू उपकेंद्रात अर्थवायर सोडवता येत नाही. म्हणून वारंवारता ५० हर्ट्झपासून दूर ठेवून प्रवाह सोडला, अर्थवायरमधून जाणारा वाटा क्लॅम्पने मोजून वजा केला, प्रवाहाची तार बांधाबांधाने ६०० मीटर नेली आणि दाबाची तार तिला काटकोनात ठेवली. उसाच्या सरीतून ६०० मीटर तार ओढणे हे मे महिन्यात दोन माणसांचे पूर्ण दिवसाचे काम आहे, हे त्या रजिस्टरला न्याय देण्यासाठी सांगितले पाहिजे. आकडा आला १.४.

खड्ड्यातील पट्टी

जुन्या नकाशाप्रमाणे जाळी ५० × ६ मिलिमीटरच्या पट्टीची, दहा मीटरच्या चौकटींची होती. तिची अवस्था पाहण्यासाठी आठ ठिकाणी हाताने खोदले. मोकळ्या काळ्या मातीत पट्टी बरी होती : गंज खरवडल्यावर रुंदी ४६ आणि जाडी साधारण साडेचार मिलिमीटर उरली होती. आग्नेय कोपऱ्यातील अर्थ पिटजवळ (अर्थिंगच्या खड्ड्याजवळ) मात्र वेगळे चित्र निघाले. त्या पिटमध्ये जुन्या रीतीप्रमाणे मीठ आणि कोळसा भरलेला होता आणि दर उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी ओतले जाई. मिठाने पिटचा रोध काही काळ कमी होतो हे खरे, पण तेच मीठ आजूबाजूचे लोखंड खाते. पट्टी ब्रशने झाडू लागताच तिचे पापुद्रे सुटले, तपकिरी चुऱ्याखाली काळे लोखंड दिसले, आणि व्हर्निअरने मोजले तर अडीच मिलिमीटर जाडी आणि ४० मिलिमीटर रुंदी हाती आली.

भारतीय मानक ३०४३ मध्ये उघड्या लोखंडी वाहकासाठी एका सेकंदाला दर चौरस मिलिमीटरमागे ८० अँपिअर धरले जातात. त्या हिशेबाने नवी असताना ही पट्टी २४ किलोअँपिअर सोसत होती. बऱ्या जागी आज सोळा-साडेसोळा. आणि पिटजवळ फक्त ८. जुन्या आराखड्याचा फॉल्ट जेवढा होता, बरोबर तेवढीच ताकद तिथे उरली होती. जमिनीखालच्या पट्टीत प्रवाह दोन्हीकडे विभागतो म्हणून ती कदाचित तगेल, पण उपकरणापासून जाळीपर्यंत येणाऱ्या रायझरला ती सवलत नाही, आणि रायझर सर्वाधिक गंजतो तो नेमका जमिनीच्या रेषेवर, जिथे हवा, ओल आणि खडी एकत्र येतात. १०० अँपिअर सोडून एकेक रायझर तपासला. बहुतेक ठिकाणी रोध १० मिलिओहमच्या आत निघाला. पाच ठिकाणी तो ८० ते ३०० मिलिओहम निघाला. त्यांतला एक लाइटनिंग अरेस्टरचा, म्हणजे आकाशातील विजेपासून उपकरणांना वाचवणाऱ्या साधनाचा, होता. वरून रंग दिलेला, हिरवा, चकचकीत.

खडीचे गणित

रोध किती आहे यापेक्षा, गँट्रीला हात लावून उभ्या माणसाच्या हात आणि पाय यांच्यात किती दाब येतो, हा खरा प्रश्न असतो. याला टच व्होल्टेज म्हणतात. आयईईई-८० या मार्गदर्शक मानकाप्रमाणे ५० किलो वजनाच्या माणसासाठी सोसण्याजोगा प्रवाह ०.११६ अँपिअर भागिले वेळेचे वर्गमूळ इतका धरतात. मुख्य संरक्षण फसले आणि प्रवाह तोडणारा ब्रेकरही अडकला तर लागणारा वेळ धरून आम्ही अर्धा सेकंद घेतला, म्हणजे १६४ मिलिअँपिअर. मातीवर अनवाणी उभे राहिल्यास ४० ओहम-मीटरच्या जमिनीत चालेल असा टच व्होल्टेज १७४ व्होल्ट येतो. तीच जागा दहा सेंटिमीटर स्वच्छ खडीने झाकली, ओल्या खडीची रोधकता ३००० ओहम-मीटर धरली, की मर्यादा ६७६ व्होल्टवर जाते. म्हणजे दहा सेंटिमीटर काळी खडी माणसाला जवळजवळ चौपट माफी देते, आणि अर्थिंगमधील इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जुन्या यार्डातील खडी मात्र गेल्या कित्येक पावसाळ्यांत काळ्या मातीने गिळली होती. वर गवत, खाली चिखलात रुतलेले दगड. आग्नेय कोपऱ्यातील चौकटीत, जुनी जाळी पूर्ण शाबूत आहे असे मानूनही, विस्तारानंतर टच व्होल्टेज ४३० व्होल्ट येत होता. स्वच्छ खडीवर तो चालण्यासारखा होता. त्या गवतावर तो मर्यादेच्या अडीचपट होता. जुन्या जाळीचे फक्त बाहेरचे कडे ठेवून आतल्या सगळ्या पट्ट्या गणितातून वगळून पाहिले तेव्हा एक लक्षणीय गोष्ट दिसली : रोध १.१५ वरून १.१७ झाला, म्हणजे जवळपास हललाच नाही, पण कोपऱ्यातील टच व्होल्टेज ७८० व्होल्टवर गेला. रोधाच्या आकड्यावरून जाळीची तब्येत ओळखू पाहणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

आबांची तार

दक्षिणेचे कुंपण जाळीला जोडलेले होते, आणि ते तसेच ठेवणे भाग होते, कारण एका गँट्रीचा पाय आणि कुंपण माणसाच्या दोन्ही हातांच्या आवाक्यात होते. कुंपण वेगळे केले असते तर आतला माणूस एकाच वेळी दोन्हीला हात लावू शकला असता. पण कुंपण हे बाहेरच्या माणसाच्याही हाताशी असते आणि बाहेर खडी नसते. बाहेरून एक मीटरवर उभ्या माणसासाठी टच व्होल्टेज ९०० च्या घरात येत होता, मर्यादा १७४.

त्याहून गंभीर गोष्ट नकाशावर नव्हतीच. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या शेताच्या काटेरी तारेचे टोक आमच्या कोपऱ्याच्या खांबाला तीन वेढे देऊन पिळून बांधले होते. ती तार बांधावरून सुमारे दोनशे मीटर जाऊन गोठ्याजवळ संपत होती, आणि शेवटच्या खांबाला म्हैस बांधलेली होती. फॉल्टच्या क्षणी त्या तारेवर उपकेंद्राचा संपूर्ण ६.४ किलोव्होल्ट चढणार होता, कारण गोठ्याखालची जमीन जाळीच्या प्रभावाबाहेर आहे. जनावराला तर स्पर्शाचीही गरज नसते; त्याचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर असतात आणि त्यांच्यातून जाणारा प्रवाह छातीतून जातो. शेतकऱ्याला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, ईस वर्सं झाली ही तार बांधून, कवा काय झालं न्हाई.” आमच्याबरोबरच्या ओव्हरसिअरने, जो त्याच पंचक्रोशीतला, उत्तर दिले, “आबा, म्हस तितं असताना फॉल्ट आला न्हाई, म्हणून न्हाई झालं.” तार त्याच संध्याकाळी सुटली. कुंपणाचा प्रश्न एवढा सहज सुटला नाही. बाहेर एक मीटरवर पट्टीचे कडे टाकायचे तर जमीन आबांची होती. अखेर दक्षिणेचे कुंपणच दीड मीटर आत घेतले. हातची १८० चौरस मीटर जागा सोडण्याला कार्यालयाचा विरोध झाला आणि तो महिनाभर टिकला. पण त्या दीड मीटरच्या पट्ट्यात उपकरण नव्हते आणि दुसरा मार्गही नव्हता. आता कुंपणाबाहेर आपल्याच हद्दीत एक मीटर खोल कडे आहे, त्यावर खडीचा पट्टा आहे, आणि आबांच्या तारेला स्वतःचे लाकडी खांब आहेत.

कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची कथा तशीच, फक्त घरातली. त्यांना वीज स्टेशनच्या स्वतःच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून जात होती आणि त्याचा न्यूट्रल जाळीला बांधलेला होता; म्हणजे फॉल्टच्या वेळी जाळीचा दाब न्यूट्रलच्या आणि अर्थच्या तारेने थेट स्वयंपाकघरातील फ्रिजपर्यंत पोचणार. पाण्याची जीआय पाइपही यार्डातूनच नळापर्यंत गेली होती. खोल्यांची जोडणी बाहेरच्या वितरण ट्रान्सफॉर्मरवर, वेगळ्या अर्थिंगसह घेतली आणि पाइपचा मधला सहा मीटरचा तुकडा पीव्हीसीचा केला.

काय केले आणि कोणत्या क्रमाने

जुनी जाळी उकरून काढण्याचा विचार कोणीच गंभीरपणे केला नाही. तिला तिथेच राहू दिले, पण गणितात शून्य धरले. जुन्या यार्डाच्या तीन बाहेरच्या बाजूंनी नवे कडे, कोपऱ्यांत पाच मीटरच्या चौकटी आणि प्रत्येक उपकरणाला दोन नवे, स्वतंत्र रायझर, अशी सुमारे ९०० मीटर पट्टी टाकली. चालू यार्डात मशीन आणता येत नसल्यामुळे सगळे चर हाताने, एकेक बे बंद करून खोदले, आणि वेळापत्रक शटडाऊन मिळण्यावर चालले. पट्टी नव्या यार्डासारखीच ७५ × १०, म्हणजे ७५० चौरस मिलिमीटर, उपकरणांच्या ३१.५ किलोअँपिअर या क्षमतेला ३९४ पुरले असते, बाकीचे गंजासाठी ठेवले. तांब्याचा मुलामा दिलेले रॉड घ्यावेत अशी सूचना आली होती. तांबे स्वतः टिकते, पण ओल्या मातीत लोखंडाला जोडले की शेजारचे लोखंड त्याच्यासाठी झिजते, आणि इथे शेजारी आधीच अर्धमेले लोखंड होते, म्हणून सगळे लोखंडाचेच ठेवले. मिठाचे पिट रिकामे करून त्यांत बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरले. जुन्या आणि नव्या जाळीतील दोन जोडांऐवजी जुन्या जाळीच्या पूर्व-पश्चिम जाणाऱ्या सातही ओळी भरावाच्या उतारातून पुढे नेऊन नव्या जाळीत वेल्ड केल्या; दोनच जोड असते आणि त्यांतला एखादा गंजला असता तर दोन यार्डांमध्ये फरक पडला असता, तो नेमका दोन्हीकडे जाणाऱ्या कंट्रोल केबलवर.

जोडणी कधी करायची यावर बरीच चर्चा झाली, आणि मला स्वतःला या प्रकरणातला हाच भाग सर्वांत अवघड वाटला. नवी जाळी लवकर जोडली तर जुन्या यार्डातील कोणत्याही फॉल्टचा दाब तिच्यावर चढतो, आणि तिथे तेव्हा खडी नसते, मजूर अनवाणी असतात, सळईचे सांगाडे उघडे असतात. उशिरा जोडली तर नव्या यार्डात उपकरणे आणि केबल आधी येतात, आणि एका हातात जुन्या यार्डातून आलेल्या केबलचे चिलखत (बाहेरचे धातूचे आवरण) व दुसरा हात नव्या स्ट्रक्चरवर असा माणूस दोन जाळ्यांच्या मध्ये सापडतो. आम्ही असा क्रम ठरवला की खोदाई आणि काँक्रीटचे काम संपेपर्यंत जाळी सुटी राहील, मजुरांची वीज स्टेशनवरून न घेता डिझेल जनित्रावरून घेतली जाईल, मग खडी पसरली जाईल, त्यानंतर एका दिवसात सातही जोड वेल्ड होतील, आणि पहिली केबल त्यानंतरच दोन यार्डांच्या सीमेवरून जाईल. मधले जुने पश्चिम कुंपण काम चालू असेपर्यंत उभेच होते आणि ते जुन्या जाळीला बांधलेले होते. मजुरांच्या बायका त्यावर कपडे वाळत घालतात हे पहिल्याच आठवड्यात दिसले, तेव्हा त्याच्यापासून दोन मीटरवर बांबूचा कठडा घातला आणि वाळवणासाठी दुसरीकडे दोरी बांधून दिली. नुसता फलक लावून ते थांबले नसते.

जुन्या यार्डातील खडी उपसून, चाळून, धुऊन, खाली मुरमाची थोपणी करून पुन्हा पसरली. कमी पडली ती क्रशरवरून आणली.

काम झाल्यावर पुन्हा मे महिन्यात प्रवाह सोडून मोजमाप केले. रोध १.२ ओहम आला, गणितापेक्षा किंचित जास्त. ‘एक ओहमच्या आत हवे’ हा आग्रह शेवटपर्यंत एका बाजूने चालू होता, पण १.२ चा १ करायला जवळजवळ निम्मी जमीन आणखी लागली असती, आणि तेवढे करूनही जाळी ५.६ किलोव्होल्टने उचलली गेलीच असती. त्याऐवजी ५.६ किलोअँपिअरच्या प्रमाणात आणलेला आग्नेय कोपऱ्यातील टच व्होल्टेज २८० व्होल्ट आला, खडीवरील मर्यादा ६७६. दक्षिण कुंपणाबाहेर खडीच्या पट्ट्यावर तो याहून कमी होता, आणि आबांच्या हद्दीवर एका पावलातला दाब १६० व्होल्ट, तिथल्या उघड्या मातीची मर्यादा २०३. हे शेवटचे अंतर मला थोडे अपुरे वाटते, म्हणून त्या बाजूची मोजणी दरवर्षी व्हावी असे अहवालात लिहिले आहे.

रजिस्टरचे रकाने बदलले आहेत. आधी तारीख आणि ओहम एवढेच होते. आता तारेची लांबी, अर्थवायरची स्थिती, खडीची स्थिती आणि शेरा असे रकाने आहेत. पहिल्या नोंदीत १.२ ओहम, तार ६०० मीटर, अर्थवायर जोडलेली व तिचा वाटा वजा केलेला, खडी कोरडी व स्वच्छ, असे आहे. आणि शेऱ्याच्या रकान्यात ऑपरेटरने स्वतःहून लिहिले आहे : ‘आबांची तार पाहिली. सुटी आहे.’